हल्लीचे डब्ल्यूडब्ल्यूईवाले एवढे जखमी का होतात? की पूर्वीही व्हायचे आणि आपल्याला कळायचं नाही?

टर्नबकल

धाकट्या भावाचा आणि माझा बरेच दिवस एकाच गोष्टीवरून वाद चाललाय, म्हणून धागा काढतोय.

2025 च्या जुलैमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन टीव्ही-कुस्तीच्या कंपनीतल्या सेथ रोलिन्सचा गुडघा गेला. कुबड्या घेऊन यायला लागला. आम्ही दोघंही हळहळलो, कारण 2015 मध्ये डब्लिनला त्याच्या गुडघ्याचं काय झालं होतं ते आठवत होतं. एसीएल, एमसीएल (गुडघ्याचे दोन मुख्य अस्थिबंध) आणि मेनिस्कस (आतली कूर्चा), तिन्ही एकाच पडण्यात फाटले होते. मग ऑगस्टमध्ये समरस्लॅम या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात गडी कुबड्या फेकून उभा राहिला आणि सीएम पंकचा विजेतेपदाचा पट्टा घेऊन गेला. म्हणजे दुखापत कथानकातली होती. आणि ऑक्टोबरमध्ये पर्थला कोडी ऱ्होड्सशी लढताना खांदा खरोखरच गेला, तोच पट्टा सोडावा लागला. तेव्हा भाऊ मानायलाच तयार नव्हता.

आता मुद्दा. भाऊ म्हणतो ही नवी पिढी नाजूक आहे. आम्ही शाळेत असताना टेन स्पोर्ट्सवर अंडरटेकर, केन, बिग शो दर आठवड्याला दिसायचे. आता जो तो सहा-नऊ महिने सुट्टीवर. रँडी ऑर्टन पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे 2022 च्या मेपासून 2023 च्या नोव्हेंबरपर्यंत नव्हता. केविन ओवेन्स 2025 च्या रेसलमेनियाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या, तोंडावर मानेमुळे बाहेर. शार्लट फ्लेअरचा एसीएल गेला, पंकचे ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) दोनदा फाटले, बिग ईची तर मानच मोडली.

मला नाजूक वगैरे पटत नाही. पण मग कारण काय? जाणकारांनी लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय.

स्पष्टवक्ता

विषय चांगला आहे. मी हा प्रकार फारसा बघत नाही, म्हणून एक प्रश्न. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं ना? मग दुखापत व्हायचं कारणच काय? ठरवून करायचं तर नीट ठरवावं.

सोमवाररात्र

स्पष्टवक्ता, निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरंच असतं. रिंगच्या पृष्ठभागाखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी सांगाडा असतो. फळ्यांवर फोमचा पातळ थर, त्यावर कॅनव्हास. या पडण्याला ते लोक बंप घेणं म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, हात पसरून आपटायचे आणि धक्का पाठभर वाटून घ्यायचा. हे नीट जमलं तरी दुखतंच. रोज वीस-तीस वेळा, वीस वर्षं असं पडून बघायचं म्हणजे काय ते लक्षात येईल.

टर्नबकल, तुमच्या भावाला त्या काळच्या विजेत्या ब्रूनो सॅमार्टिनोची गोष्ट सांगा. एप्रिल 1976, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर स्टॅन हॅन्सन, तेव्हा तरुण आणि अनुभव कमी. त्यानं साधा बॉडीस्लॅम मारला, म्हणजे उचलून आपटायचा अगदी बाळबोध डाव. पकड सुटली, ब्रूनो डोक्यावर आला आणि मान मोडली. प्रेक्षकांना मात्र सांगितलं गेलं की हॅन्सनच्या लॅरिएटनं, म्हणजे ताठ हाताच्या मानेवरच्या फटक्यानं, मान मोडली, कारण लॅरिएट हे त्याचं हुकमी अस्त्र होतं आणि त्यावर तिकिटं खपणार होती. ब्रूनो जूनमध्ये परत रिंगमध्ये होता. मोडलेली मान, आणि दोन महिने!

म्हणजे दुखापत पूर्वीही होती आणि ती कथानकात वापरणंही होतं. फक्त आजच्याइतकी माणसं घरी बसत नव्हती. का बसत नव्हती ते बघायला हवं.

तेव्हा अमेरिकेत ज्याच्या त्याच्या हद्दीतल्या छोट्या कंपन्या होत्या. लढलास तर त्या रात्रीचे पैसे, नाहीतर नाही. हमीचा पगार नाही. घरी बसलं की जागा दुसरा घेणार. मग गुडघ्याला पट्टी बांधून लढायचं. ऐंशीच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) देशभर पसरली तेव्हा तर वर्षाला अडीचशे-तीनशे दिवस रस्त्यावर जायचे. 1986 मध्ये रेसलमेनियाच्या आधी जेसी व्हेंचुरानं संघटना काढायचा विषय काढला होता. ते मालकाच्या कानावर गेलं आणि विषय संपला. कानावर हल्क होगननं घातलं, हे व्हेंचुराला पुढे कोर्टकचेरीत कळलं. आजही हे लोक कागदोपत्री नोकर नसून कंत्राटदारच आहेत. रिंगमध्ये झालेल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते, बाकीचा आरोग्यविमा ज्याचा त्यानं बघायचा.

अनघा_फिजिओ

मी नाशिकला फिजिओथेरपी करते. रिंगमधलं फार कळत नाही, पण घरात दोन मुलगे आहेत, त्यामुळे बघावं लागतं. सोमवाररात्र यांच्या मुद्द्याला माझ्या बाजूनं थोडी भर.

पहिली गोष्ट निदानाची. एमआरआय दवाखान्यात रुळला तो ऐंशीच्या दशकात. त्याआधी एसीएल फाटलेला माणूस स्वतःला ‘गुडघा मुरगळलाय’ असंच म्हणायचा. सूज उतरली की पुन्हा उभा. सांधा सैल झालेला, दर वेळी कूर्चा घासली जातेय, पण कुणी बघितलंच नाही. वीस वर्षांनी तोच माणूस काठी घेऊन चालतो आणि आपण म्हणतो वय झालं.

दुसरी गोष्ट, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचे भाऊ सहा-नऊ महिन्यांची सुट्टी हा नाजूकपणाचा पुरावा समजतायत. ती उपचारांची मुदत आहे हो! फाटलेला एसीएल नवा बसवला की तो हाडात रुजायला, मांडीची ताकद परत यायला एवढा वेळ लागतोच. पूर्वी सुट्टी कमी होती कारण शस्त्रक्रियाच होत नव्हती. माझ्याकडे खेळाडू मुलं येतात, त्यांचे वडील म्हणतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ मी त्यांना पलंगावर बसवून त्यांचाच गुडघा तपासते. बऱ्याचदा तो सैल असतो.

तिसरं, स्नायू आणि टेंडन यांचं गणित. व्यायामानं स्नायू काही महिन्यांत फुगतो. त्याला हाडाशी बांधणारा टेंडन मात्र फार हळू मजबूत होतो, कारण त्याला रक्तपुरवठा कमी. मोठा झालेला स्नायू, दमलेलं शरीर आणि अचानक उलट्या दिशेनं बसलेला ताण, की टेंडन हाडापासून सुटतो. मुलांनी मला जॉन सीनाचं 2007 मधलं उदाहरण दाखवलं, चालू मॅचमध्ये छातीचा स्नायू सुटला होता. ट्रिपल एचचा 2001 मध्ये मांडीचा. तरी त्यानं मॅच पुरी केली. डॉक्टरच्या नजरेनं ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. स्टेरॉइडनं तर ही तफावत आणखी वाढते, कारण औषध स्नायूला पुढे ढकलतं आणि टेंडन मागेच राहतो. त्यामुळे या प्रकारच्या जखमा पिळदार शरीरांच्या काळात वाढल्या असणार हे मला पटतं. मुरगळणं जुनं, हे फाटणं त्या मानानं नवं.

टर्नबकल

अनघाताई, सुट्टी म्हणजे उपचाराची मुदत हे मी या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. भावाला वाचायला दिलंय.

पण म्हणजे सगळा फरक फक्त दिसण्यातच आहे का? लढण्याची तऱ्हा बदललीय हे तर डोळ्यांना दिसतं.

तांबडीमाती

मी कोल्हापूरकडचा. पंधरा वर्षं तालमीत घालवली, गुडघ्यामुळे सोडली. वय आता साठीला टेकलंय. टीव्हीवरच्या या कुस्तीला आमच्याकडे कुणी कुस्ती म्हणत नाही, पण मी त्या पोरांना कमी लेखणार नाही. कारण सांगतो.

आमच्या वस्तादांनी तरुणपणी मुंबईला जाऊन वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या बघितल्या होत्या. 1968 मध्ये दारासिंगांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, ती हकिकत ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या कुस्त्यांत जमिनीवरची पकड, हात पिरगाळणं, मान आवळणं याला वेळ दिला जायचा. माणूस हवेत कमी आणि जमिनीवर जास्त. लू थेझ 1990 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जपानमध्ये शेवटची कुस्ती खेळला.

आता माझा मुद्दा. आखाड्यात समोरचा मला ढाक मारतो तेव्हा मी विरोध करत असतो. मान आवळलेली, अंग ताठ. मी पडतो तो माझ्या मर्जीविरुद्ध, पण माझा जीव वाचवायचं काम माझ्याच अंगाकडे असतं. खाली हौद्यात माती असते, हळद-ताक-तेल घालून मऊ केलेली, ती अर्धा मार पिते. या टीव्हीवरच्या कुस्तीत उलटं आहे. तो माणूस आपणहून उडी देतो, अंग सैल सोडतो आणि आपली मान समोरच्याच्या हातात देतो. समोरचा दमला असेल, घामानं हात घसरला, अर्धी वीत चुकली, तर संपलं. एवढा विश्वास परक्यावर टाकणं आम्हाला जमलं नसतं.

म्हणून आकाशातले डाव जेवढे वाढतील तेवढे अपघात वाढणार, एवढं मला कळतं.

सोमवाररात्र

तांबडीमाती काका, लाखात एक बोललात. तुमच्या ‘मान हातात देणं’ यावरून दोन प्रसंग सांगतो.

1997 चं समरस्लॅम. ओवेन हार्टनं स्टीव्ह ऑस्टिनला पाइलड्रायव्हर दिला, म्हणजे माणूस उलटा धरून त्याच्यासकट खाली बसायचं. ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या खाली राहिलं आणि मानेवर सगळा भार आला. काही क्षण हातपाय हलेनात. नोव्हेंबरमध्ये तो परत रिंगमध्ये होता, पुढे त्यानं कंपनी खांद्यावर उचलली आणि 2003 मध्ये त्याच मानेमुळे थांबला. 1999 मध्ये ड्रोझ नावाच्या पोराला पॉवरबॉम्ब देताना, म्हणजे वर उचलून पाठीवर आपटताना, घोळ झाला आणि तो मानेखाली कायमचा लुळा पडला. समोरच्याला त्यानं कधी दोष दिला नाही. 2023 मध्ये गेला.

ही दोन्ही नावं भावाच्या ‘कणखर’ काळातली आहेत.

आता शैली. ऐंशीच्या दशकात टीव्हीवरच्या मॅचमध्ये बहुधा एक मोठं नाव आणि एक पडायला आलेला पहिलवान असायचा. तीन मिनिटांत खेळ खलास. मोठ्याची गाठ मोठ्याशी पडायची ती तिकीट लावलेल्या कार्यक्रमात. तिथेही रात्रीमागून रात्री त्याच दोघांची तीच मॅच, गावं फक्त बदलायची, त्यामुळे एकमेकांचं अंग पाठ असायचं. 1993 मध्ये रॉ (डब्ल्यूडब्ल्यूएफचा दर सोमवारचा टीव्ही कार्यक्रम) सुरू झालं, 1995 मध्ये समोर दुसऱ्या कंपनीचं नायट्रो उभं राहिलं, आणि प्रेक्षक दुसरीकडे जाऊ नये म्हणून दर सोमवारी मोठी लढत द्यावी लागली. 2012 पासून रॉ तीन तासांचं झालं. तो वेळ शरीरांनीच भरायचा ना.

त्यात रिंगची कड आली. दोरांच्या बाहेरची ती अरुंद पट्टी. तिथे फळी लवचत नाही, खाली सरळ लोखंड. पूर्वी तिथे पडणं वर्षातून कधीतरी असायचं, आता दर आठवड्याला बघतो. दोरांतून बाहेर सूर मारणंही तसंच. बिग ईची मान 2022 च्या मार्चमध्ये मोडली ती रिंगच्या बाहेर, साध्या सप्लेक्सवर, म्हणजे उचलून मागे फेकण्याच्या डावावर. त्यानंतर तो लढलेला नाही.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितोय. 2013 चा रेसलमेनिया इथेच मेटलाइफ स्टेडियमवर झाला, मी वरच्या स्टँडमध्ये होतो. रॉक विरुद्ध सीना. एप्रिल असूनही थंडी होती. मॅच मध्येच मंदावली तेव्हा आमच्या रांगेतले बरेच जण ओरडत होते की रॉकला आता हे झेपत नाही. मीही ओरडलो. नंतर कळलं की पोटाचे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे टेंडन फाटलेले असताना तो लढत होता.

ते माझ्या मनातून गेलेलं नाही. तिथे बसून माणूस वेदनेनं थांबलाय की दमून थांबलाय हे कळत नाही, आणि आवाज तर आपणच करत असतो. नव्वदच्या दशकात फिलाडेल्फियाच्या ईसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीनं ज्या प्रेक्षकांना टेबलं मोडायची आणि डोक्यात खुर्च्या घालायची सवय लावली, त्यांचीच गोडी पुढे सगळ्या कंपन्यांनी पुरवली. 1998 मध्ये मिक फोलीला पिंजऱ्यावरून सोळा फूट खाली फेकलं, ती क्लिप आजही आपण एकमेकांना पाठवतो. त्यानंतर साध्या पडण्याला कोण टाळी देणार?

मृण्मयी

स्त्रियांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी शाळेत असताना बायकांच्या मॅचला तीन-चार मिनिटं मिळायची, त्यातही खेळ कमी आणि कपड्यांची चर्चा जास्त. घरी कुणी आलं की मी चॅनेल बदलायचे. आता त्याच बायका वीस-पंचवीस मिनिटं लढतात, पिंजऱ्यात लढतात, शिडीवरून उड्या घेतात. 2019 चा रेसलमेनिया बेकी लिंच, शार्लट आणि रोंडा राउझी यांच्या लढतीनं संपला. जखमींची नावं वाढलेली दिसतात त्यात हा एक मोठा भाग आहे. खऱ्या अर्थानं लढणारी माणसंच वाढली आहेत.

पेजचं मला अजून वाईट वाटतं. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर परत आली, 2017 च्या डिसेंबरमध्ये पाठीत एक लाथ बसली आणि 2018 मध्ये पंचविशीतच तिला निवृत्ती जाहीर करावी लागली. पुढे 2022 मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत परतली तेव्हा मी आनंदानं रडले होते.

आणि बेकीचं उलट. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये नाया जॅक्सचा ठोसा खराच लागला, नाक मोडलं, मेंदूला धक्का बसला. रक्तानं भरलेला चेहरा घेऊन ती प्रेक्षकांत हात पसरून उभी राहिली. त्या एका चित्रानं ती सगळ्यात मोठी झाली. मलाही ते चित्र आवडलं होतं. पण अशा चित्रांना एवढं बक्षीस मिळतं म्हटल्यावर पुढची पोरगी रक्त लपवेल की दाखवेल?

निशाचर_पुणे

सगळे प्रतिसाद वाचतोय. फार छान चर्चा. मेंदूच्या दुखापतीबद्दल कुणी लिहील का?

सोमवाररात्र

निशाचर, लिहितो. हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो.

हार्ली रेस नावाचा जुना विजेता वरच्या दोरावरून डोकं पुढे करून खाली झेप घ्यायचा. तो डाव इंग्लंडच्या डायनामाइट किडनं उचलला. अंगानं लहान, पण असा वेगवान माणूस त्या काळात दुसरा नव्हता. 1986 च्या डिसेंबरमध्ये कॅनडात हॅमिल्टनला धावता धावता त्याची पाठ गेली, मणक्यांमधल्या दोन चकत्या फुटल्या. जानेवारीत पट्टा हरायचा होता म्हणून तो त्याच अवस्थेत आला, जोडीदार डेव्ही बॉयच्या आधारानं रिंगपर्यंत पोचला. शेवटची वर्षं चाकांच्या खुर्चीत काढली, 2018 मध्ये गेला.

त्याला बघून कॅनडातला एक मुलगा, ख्रिस बेन्वा, तीच झेप शिकला. वर्षानुवर्षं डोकं पुढे करून पडत राहिला. 2007 च्या जूनमध्ये त्याच्या घरात जे घडलं, बायको आणि सात वर्षांचा मुलगा त्याच्या हातून गेले आणि मग त्यानं स्वतःला संपवलं, त्याचं सगळं कारण डोक्याच्या मारात आहे असं मी म्हणणार नाही. पण नंतर त्याचा मेंदू तपासला तेव्हा तो फार वाईट अवस्थेत निघाला. ही तपासणी ख्रिस नोविन्स्कीमुळे झाली. तो स्वतः डब्ल्यूडब्ल्यूईत लढलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला, डोक्याच्या दुखापतीमुळे थांबलेला.

आणि तिसरा डॅनियल ब्रायन. त्याचीही तीच झेप. 2016 च्या फेब्रुवारीत मेंदूच्या धक्क्यांमुळे निवृत्त झाला. 2018 मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा परतला.

तीन पिढ्या आणि एक डाव. पहिल्याला कुणी अडवलं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला कंपनीच्या डॉक्टरांनी दोन वर्षं रिंगमध्ये पाय ठेवू दिला नाही, आणि आपल्या यादीत ‘जखमी’ म्हणून नाव लागलं ते त्याचंच. एडी गरेरो या पहिलवानाच्या मृत्यूनंतर 2006 मध्ये औषधांच्या आणि प्रकृतीच्या तपासण्यांचं धोरण आलं, 2010 मध्ये डोक्यात खुर्ची मारायला बंदी झाली. पाइलड्रायव्हर तर त्याआधीच एक-दोघांचा अपवाद सोडून बंद झाला होता.

स्पष्टवक्ता

माझा पहिला प्रश्न मी मागे घेतो. ‘ठरवून करायचं तर नीट ठरवावं’ असं लिहिलं होतं, ते या माणसांवर अन्याय करणारं होतं.

एक शंका आहे. पूर्वी अडीचशे दिवस लढायचे, आता मोठी नावं त्याच्या निम्मीही लढत नाहीत म्हणे. मग जखमा कमी व्हायला हव्यात ना?

अनघा_फिजिओ

चांगली शंका. झिजेच्या जखमा कमी होतील, फाटण्याच्या नाही. होगनचंच बघा. लेग ड्रॉप म्हणजे रोज रात्री उडी मारून कुल्ल्यांवर बसायचं. दिसायला निरुपद्रवी, पण पाठ आणि खुबे गेले, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. ती झीज. ती चालू काळात दिसत नाही, पन्नाशीनंतर दिसते. आता मॅच कमी, पण प्रत्येक मॅचमध्ये उंची, वेग आणि वजन जास्त. हा भार एकदम येतो.

काकांनी लू थेझचं सांगितलं, पण सगळ्या जुन्या पहिलवानांचं शरीर तसं टिकलं असं समजू नये. जे टिकले त्यांचं नाव घेतलं जातं. ज्यांचा मणका तिशीत गेला ते गावी परत गेले, त्यांना कुणी मोजलं नाही.

तांबडीमाती

खरं आहे ताई. आमच्या तालमीत माझ्या बरोबरीची अकरा पोरं होती. दोघांचे फोटो भिंतीवर आहेत. बाकीच्या नऊ जणांत मी एक.

हडसनकाठी

काका, कधी सविस्तर लिहा त्यावर. वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन.

टर्नबकल

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाला घेऊन बसलो आणि 1997 ची ऑस्टिनची ती मॅच लावली. लहानपणी कॅसेटवर बघितली होती. तेव्हा शेवट अगदीच फुसका वाटला होता आम्हाला. ऑस्टिन पोटावर सरपटत येतो, ओवेनला कसाबसा गुंडाळतो, आणि ओवेन अजिबात सुटायचा प्रयत्न करत नाही. आम्ही दोघं तेव्हा चिडलो होतो की हे काय, नीट जिंकत पण नाही.

भाऊ म्हणाला मागे घे. घेतलं. ओवेन मध्येच प्रेक्षकांकडे वळून ओरडत बसतो, वेळ काढतो, ते त्याला दिसलं. ऑस्टिनला हात हलवता यावेत म्हणून तो थांबलाय, हे त्याच्या लक्षात आलं. पुन्हा मागे घ्यायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी रिमोट उचलला तर म्हणाला, ‘नको, राहू दे आता.’